ठेंगूने सोडलेली जागा

त्या राज्यात सगळे लोखंडाचेच होते आणि गंजाचे नाव काढणे तिथे अशुभ मानले जाई. राज्य म्हणजे आडवाटेवरचा, नदीच्या दोन्ही काठांना धरून उभा असलेला जुना पूल. वरचे दांडे थोरले, खालचे धाकटे. या सगळ्यांना एकमेकांत धरून ठेवणारे रिवेट, म्हणजे ठोकून बसवलेले खिळे, कुणाच्या खिजगणतीत नव्हते.

दरवर्षी तिथे रंगोत्सव होई. जुना रंग खरवडायचा नाही, त्याच्यावरच नवा चढवायचा, असा रिवाज होता. वाडवडिलांचा रंग खरवडणे म्हणजे त्यांची कातडी सोलणे, असे थोरले म्हणत. पुटावर पूट चढून पूल चांगला गुटगुटीत दिसू लागला होता. सुजेला बाळसे म्हणणाऱ्यांची तिथे वाण नव्हती.

ठेंगू नावाचा रिवेट खालच्या एका सांध्यात होता. रंगाच्या आत त्याच्या अंगाचा भुगा होत चालला होता. शेजारचा तिरपा दांडा त्याने जन्मापासून धरून ठेवला होता. तो निसटला तर पूल वाटसरूंसकट नदीत जाणार, ही धास्ती त्याला खात होती.

त्याने थोरल्यांच्या विनवण्या केल्या. एकदा खरवडून बघा, दुखले तरी सोसू, जो खचला असेल त्याला बदला, असे तो परोपरीने सांगत राहिला.

"तू कुरकुरतोस, म्हणजे तुला रंग कमी पडला," थोरला दांडा मायेने म्हणाला.

त्या वर्षी ठेंगूला रंगाचे दोन हात जास्त मिळाले. बाकीच्या रिवेटांना त्याचा हेवा वाटला.

पालथ्या घड्यावर पाणी ओतून ठेंगू थकला. एकाची जागा रिकामी दिसली तर निदान यांचे डोळे उघडतील, तोवर शेजारचे रिवेट तग धरतील, असा त्याने विचार केला. तिरप्या दांड्याची मनोमन माफी मागून त्याने अंग सोडून दिले.

नदी आटलेली होती. खाली वाळू लागेल असे त्याला वाटले होते, पण तो खणकन लोखंडावर आपटला. भोवती सगळे रिवेटच पडले होते, किती पिढ्यांचे कोण जाणे.

"तूही त्यांचे डोळे उघडायला आलास का?" एका म्हाताऱ्याने विचारले आणि सरकून त्याला जागा करून दिली.

ठेंगूला रडू फुटले. त्याने वर पाहिले. सांध्यासांध्यावर रंगाच्या गोल टोप्या चकाकत होत्या, आतून पोकळ. त्यांच्यावरून नव्या रंगाचा कुंचला फिरत होता आणि वऱ्हाडाची पहिली गाडी पुलावर चढत होती.