खरखर कुणी ऐकली?

शिक्षणसंस्थेच्या कचेरीत इंटरनेट आलं आणि तिथल्या कारकून सुलोचना गुरवचं डोकंच चक्रावलं. टेलिफोनच्या लाईनवरून मोडेम किंचाळत जोडला जायचा, गप्प व्हायचा आणि पाच-दहा मिनिटांत जोडणी तुटायची. तिने टेलिफोनची वायर बदलली, मोडेम बदलला, शेवटी उदबत्तीसुद्धा ओवाळली. पण अध्यक्ष भाऊसाहेब गावाला गेले, की दिवसभर जोडणी एकदाही तुटायची नाही!

एके दिवशी भाऊसाहेबांनी तिला भर सभेत उभं केलं. "यांना काही येत नाही, उद्यापासून दुसरी बाई बघा! अहो, जोडणी झाल्यावरसुद्धा ते यंत्र खरखरत असतं. कान किटतात! तुम्हाला एवढंही ऐकू येत नाही?"

सुलोचना आणखीच गोंधळली. जोडणी झाल्यावर खरखर? मग हळूहळू तिचा चेहरा उजळला.

"खरंच नाही ऐकू येत, साहेब. जोडणी झाली की मोडेम मुका होतो. पुढची खरखर ऐकायची तर त्याच लाईनवरचा दुसरा फोन उचलून कानाला लावावा लागतो. आणि तो उचलला की जोडणी तुटते."

दुसरा फोन एकच होता, भाऊसाहेबांच्या टेबलावर. ते त्यावरून लोकांचं बोलणं चोरून ऐकतात, अशी कुजबुज होतीच. आज त्यांनी स्वतःच कबुली दिली होती. सभासद माना खाली घालून हसू दाबू लागले.

"मग आता उपाय काय?" भाऊसाहेब पुटपुटले.

"वायर बदलून झाली, मोडेम बदलून झाला," सुलोचना म्हणाली. "आता तेवढा कान बाजूला करा."