बापूसाहेबांचा पुतळा

पेणच्या एका शाळेत नववी-दहावीच्या मुलांसाठी मूर्तिकामाचा वर्ग भरायचा. संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब धारप एक दिवस कडाडले, "मातीत हात घालून कुणी मोठं होतं का? दिवाळीनंतर हा वर्ग बंद!"

मुलं विनवायला गेली, की बापूसाहेब फोनवर बोलत राहायचे आणि हातानंच 'निघा' म्हणायचे. दहावीतल्या हर्षाली म्हात्रेला रडूच कोसळलं. तिला मूर्तिकारच व्हायचं होतं.

तेवढ्यात बापूसाहेबांची साठी आली. शाळेत आपला पुतळा असावा, अशी त्यांना हौस आली आणि काम याच वर्गाकडे आलं. सरांनी ते हर्षालीवर सोपवलं.

समारंभात पुतळ्यावरचं कापड दूर झालं. टोकदार मिशी, भरदार गाल, कपाळावरची आठीसुद्धा हुबेहूब! पण बापूसाहेब ओरडले, "अगं ए मुली, माझे कान कुठे आहेत?"

हर्षाली अदबीनं म्हणाली, "साहेब, जे दिसतं तेच घडवायचं, असं सर शिकवतात. वर्ग वाचवा म्हणून आम्ही कितीदा तुमच्याकडे आलो, पण तुमचे कान काही आम्हाला दिसले नाहीत."

मग पहिल्या रांगेतून बापूसाहेबांच्या पत्नीच खो खो हसत म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मी हेच सांगतेय!"

सगळा मंडप हसला. शेवटी बापूसाहेबांनाही हसू आवरेना. "बरं बाई, कान कधी बसवशील?"

"वर्ग चालू राहिला, तर उद्याच."

दुसऱ्या दिवशी बापूसाहेब स्वतः वर्गात आले आणि मान वळवून निमूटपणे स्टुलावर बसले.