बिनसावलीचा दिवट्या

एका राज्यात एक नागमणी होता आणि त्या मण्याला शाप होता. राजवंशाबाहेरच्या कुणी तो उचलला, की उचलणाऱ्याची सावली नाहीशी होई. म्हणून रत्नशाळेला कधी कुलूप लागले नाही. एके सकाळी मणी जागेवर नव्हता. राजा भद्रसेनाने सगळ्या चाकरांना उन्हात उभे केले. ज्याच्या त्याच्या पायाशी सावली पडली. मशाल धरणाऱ्या कान्हू दिवट्याच्या पायाशी मात्र नुसती फरशी होती.

शिपायांनी त्याला तिथेच बांधले. त्याच घटकेला आभाळ भरून आले आणि ऊन गेले ते गेलेच. राजमांत्रिक चंडघोष म्हणाला, "हा मण्याचा कोप आहे. अवसेला चोराचा बळी द्या, मळभ हटेल. तोवर दरबारात दिवा लावू नका." शेते पिवळी पडू लागली आणि सारी रयत अवसेची वाट पाहू लागली.

कान्हूला थोरली बहीण होती, भिवरा. आईमागे तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. बातमी आली तेव्हा ती भाकरी थापत होती. पिठाच्या हातांनीच ती राजवाड्यावर धावली. "माझा भाऊ कुठे आहे?" कुणी सांगेना. घरी परतली तेव्हा तिला पाहून शेजारणींनी दारे लावून घेतली.

राज्यात तीन बंदिशाळा होत्या. भिवराने भाकरी फडक्यात बांधली आणि निघाली. पहिल्या दारी पहारेकरी म्हणाला, "इथे कान्हू नाही," आणि भाकरी परत दिली. दुसऱ्या दारीही भाकरी परत मिळाली. तिसरी बंदिशाळा डोंगराच्या पोटात होती, काळ्या दगडाची. तो दगड माणसाच्या डोळ्यांतला उजेड पिऊन टाकी. तिथला म्हातारा पहारेकरी काहीच बोलला नाही. भाकरी तेवढी त्याने ठेवून घेतली. भिवरा दारातच बसली. हाकलले तरी उठेना. अखेर तो म्हणाला, "झरोक्यातून दोन शब्द बोल आणि जा, बाई."

"कान्हू."

"अक्का? दिवा आणलास का? मला काही दिसत नाही."

दिवस होता, आणि झरोक्यात तिचा चेहरा त्याच्यापासून वीतभर अंतरावर होता. भिवराने हात आत घालून त्याची बोटे धरली.

"अक्का, ते म्हणतात, चोरी कबूल कर, आजच सोडतो. करू कबूल?"

"चोरी केलीस?"

"नाही. मणी गेला त्या रात्री चंडघोषाने दिवटी धरायला बोलावले होते. त्याने काही पुटपुटले आणि मला ग्लानी आली. पुढचे आठवत नाही."

"मग जीव गेला तरी एवढेच सांग. दुसरा शब्द नाही."

कान्हू रडला. तिला रडता आले नाही.

ती न्यायाधीशाकडे गेली. तो म्हणाला, "रक्ताच्या नात्याची साक्ष दरबारात चालत नाही. परका साक्षीदार आण." रत्नशाळेच्या वळचणीला एक पिंगळा, रात्रभर जागणारे छोटे घुबड, राहत असे. भिवराने त्यालाच विचारले.

पिंगळा म्हणाला, "मी पाहिले आहे. चंडघोष सावली घेऊन आत गेला आणि सावलीवाचून बाहेर आला. पण दरबारात हे बोललो, तर तो मला जिवंत ठेवणार नाही."

भिवराने मान हलवली आणि ती जायला वळली.

"मला गळ घालत नाहीस?"

"कोणत्या तोंडाने घालू? मरण तुझे आहे."

पिंगळा बराच वेळ मान फिरवत बसला. मग तिच्या खांद्यावर उतरला.

अवस आली. अंधारल्या दरबारात पिंगळ्याने पाहिले तसे सांगितले. चंडघोषाने नुसते बोट उचलले आणि पिंगळ्याची राख भिवराच्या खांद्यावरून ओघळली. "पाखराच्या बडबडीवर न्याय होतो काय? माझी सावली गेली म्हणे!" तो गरजला. "उजेड आणा, पाहा!" असे म्हणण्याची हिंमत मात्र त्याने केली नाही. ते भिवराच्या ध्यानात आले. कान्हूची दिवटी तिने पदराखाली आणली होती. दाराबाहेर पहारेकऱ्यांची शेकोटी होती. तीत दिवटी पेटवून ती आत आली.

चंडघोषाच्या पायाशी सावली होती. तो मागे सरला, सरळ पावलांनी. सावली मात्र डाव्या पायाने लंगडत सरली. लहानपणी चिंचेवरून पडल्यापासून कान्हू असाच चाले.

"कान्हू," भिवराने हाक मारली.

सावली मांत्रिकाच्या पायांपासून सुटली आणि दारातून डोंगराकडे निघून गेली. चंडघोष सावलीवाचून उभा राहिला. त्याच्या जटेतून मणी घरंगळून फरशीवर पडला. बाहेर मळभ फाटले. शिपायांनी मांत्रिकाला बांधले. राजाने मणी आपल्या हाताने जागेवर ठेवला आणि म्हणाला, "भिवरा, हवे ते माग."

"महाराज, यापुढे कुणाला धरलेत, तर कुठे ठेवले आणि कशासाठी, ते त्याच्या घरी सांगा."

तशी दवंडी त्याच दिवशी फिरली. तिन्ही बंदिशाळा उघडल्या. काळ्या दगडातल्या कित्येकांनी हाकेला ओ दिली नाही.

कान्हू भिंत चाचपत बाहेर आला. त्याचे डोळे उघडे होते, उन्हातही मिटत नव्हते. भिवराने त्याचा हात आपल्या खांद्यावर ठेवला. तिथे अजून राख होती. डोंगर उतरताना तो थांबला.

"अक्का, माझी सावली आली का?"

"आली."

"कशी दिसते?"

भिवराने खाली पाहिले. "तुझ्यासारखीच," ती म्हणाली, आणि त्याला हळूहळू घराकडे घेऊन गेली.