सोळा आणि भिवरी

जंगलात माणसाची पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. सतरा कोळसुंद्यांचा, म्हणजे रानकुत्र्यांचा, एक कळप होता. सगळे एकदम धावून आले की वाघसुद्धा शिकार सोडून मागे सरके. पण ताम्या आणि झिपऱ्या या दोन म्होरक्यांचं पटत नसे. सारखे कळप वाटायला बसत. आठ इकडे, आठ तिकडे, आणि मधे उरायची लंगडी भिवरी.

"तुझे नऊ आणि माझे आठ? शहाणाच आहेस," झिपऱ्या म्हणे.

तीन टोळ्या केल्या तर दोघे उरत, चार केल्या तर पुन्हा एक. शेवटी वाटणी राहून जाई आणि सगळे एकत्रच शिकारीला निघत.

"या म्हातारीमुळे सगळं अडतंय," ताम्या एकदा गुरगुरला. भिवरीच्या ते जिव्हारी लागलं. आपण गेलो की भांडण मिटेल, असं समजून ती मुकाट्याने निघून गेली.

भांडण खरंच मिटलं. आठ-आठ झाले. मग आठांत कुरबुर झाली, त्यांचे चार-चार झाले. चारांचे दोन-दोन, दोनांचे एकेक. कुठेच कुणी उरत नव्हतं, म्हणून कुठेच कुणी थांबलं नाही.

उन्हाळ्यात पाणवठ्यावर भिवरीला ताम्या दिसला. एकटाच होता, पाठ फाटलेली.

"बाकीचे कुठे रे?"

"वाघानं एकेकाला गाठलं. वाटणी मात्र अगदी सारखी झाली, आजे. कुणाला एकही जास्त गेला नाही."

भिवरी त्याची जखम चाटत राहिली. पलीकडच्या काठावर वाघ आला, त्याने दोघांकडे एकदा पाहिलं आणि निवांत पाणी पिऊ लागला.