हौसाच्या हातावरचं माकड

नदीकाठी एक गाव होतं आणि त्या गावात हौसा नावाची एक बाई राहत होती. नावाला जागणारी होती. सण असो नसो, हिच्या दारात रांगोळी असायचीच. तिचा नवरा मारुती बाजारात धान्याची पोती वाहायचा. अंगाने इतका भरदार, की घरात शिरताना त्याला खांदे तिरके करावे लागत. दर हनुमान जयंतीला देवळापुढचा दगडी गोटा तो एका दमात खांद्यावर घ्यायचा आणि सारं गाव टाळ्या पिटायचं.

पण या गड्याचं एक गुपित होतं. मारुतीला सुईची आणि काट्याची भयंकर भीती वाटायची. पायात बाभळीचा काटा मोडला, की हौसा आधी दार लावून घ्यायची, मग त्याच्या तोंडात उपरण्याचा बोळा द्यायची आणि मगच काटा काढायला बसायची. तरीही ओरडणं बाहेर ऐकू गेलंच, तर शेजारणींना सांगायची, "मीच वरडले बाई, पाल दिसली." गाव तिला भित्री समजायचं. तिने खुशाल समजू दिलं.

त्या काळच्या रीतीप्रमाणे हौसा नवऱ्याचं नाव कधी तोंडाने घेत नसे. बायकोने नाव घेतलं, की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणत. हौसाला तर ते नाव भारी आवडायचं. दुसरं कुणी 'मारुती' अशी हाक मारली, की हिलाच आत कुठेतरी गुदगुल्या व्हायच्या.

एकदा जयंतीच्या तोंडावर गावात एक गोंदणारी म्हातारी आली आणि लिंबाखाली बसली. हौसाच्या मनात आलं, नाव तोंडाने घेता येत नाही ना, मग हातावर घ्यावं! जयंतीला मारुतीने गोटा उचलला, की ओवाळायचा मान हिचा. तेव्हा ताटासोबत हात पुढे होईल, मारुतीला आपलं नाव दिसेल आणि त्याचा चेहरा कसा फुलेल! या विचाराने ती घरून जवळजवळ पळतच निघाली.

"काय काढू, पोरी? विंचू, तुळस, का फूल?" म्हातारीने विचारलं.

"नाव काढा. धन्याचं."

"अक्षरं मला येत न्हाईत. नावाचं चित्र काढते. काय नाव?"

हौसा लाजून चूर झाली. "मी कसं सांगू?"

"मग खूण सांग."

हौसाने पदर तोंडाशी धरला. "उड्या मारतो," ती म्हणाली. "शेपूट हाय." मग थोडा धीर करून म्हणाली, "झाडंबी उपटतो." लंका, डोंगर, गदा हे सगळं सांगायचं लाजेने घशातच राहिलं.

म्हातारी विचारात पडली. पोरं जगत नसली, की पुढच्या पोराला नजर लागू नये म्हणून आईबाप मुद्दाम वेडंवाकडं नाव ठेवतात, हे तिला माहीत होतं. दगडू, धोंडू, केरबा अशी कितीतरी नावं तिने ऐकली होती. तेव्हा हा माकडू असणार! नवसाचा असेल बिचारा.

"कळलं, कळलं," असं म्हणून तिने एकत्र बांधलेल्या सुया काजळीत बुडवल्या. हौसाने डोळे घट्ट मिटले. गालांवरून पाणी वाहिलं, पण तोंडातून हूं की चूं निघालं नाही. म्हातारीने हळद लावून वर फडकं बांधलं आणि ते दोन दिवस सोडू नको म्हणून बजावलं.

फडकं सुटलं आणि हौसा मटकन खाली बसली. हातावर माकड होतं. शेपटीचा आकडा केलेलं आणि डोकं खाजवणारं! चित्र झकास उतरलं होतं, हीच तर पंचाईत. तिने हात राखेने घासला, काथ्याने घासला. हात सुजून लाल झाला आणि माकड मजेत डोकं खाजवत राहिलं. ती लिंबाखाली धावली, तर म्हातारी शेजारगावी गेलेली. हौसाला रडू फुटलं. आपल्याला कुणी हसलं तर तिला चाललं असतं, पण ज्याच्यासाठी सारं गाव टाळ्या वाजवतं, त्याच्या नावाचं आपण माकड केलं, हे तिला सहन होईना. तिने हातावर पुन्हा फडकं गुंडाळलं. मारुतीने विचारलं तेव्हा म्हणाली, "तव्यानं भाजलं."

जयंती आली, देवळापुढे जत्रा भरली. मारुतीने गोटा उचलला, खाली ठेवला आणि घाम पुसत ओवाळून घ्यायला उभा राहिला. हौसाने ताट धरलं. ताट फिरता फिरता फडक्याची गाठ सुटली आणि फडकं मारुतीच्या पायाशी पडलं.

"अगं बया, माकड!" एक बाई ओरडली.

"बायकोनं बरोबर वळखलं रं मारुतीला!" पलीकडून आवाज आला. सारी जत्रा खो खो हसू लागली.

मारुतीचा चेहरा गोरामोरा झाला. हौसा मान खाली घालून पुटपुटली, "तुमचं नाव गोंदवाया गेले हुते. माकड झालं."

मारुतीने तिचा हात हातात घेऊन पाहिला. माकडाभोवती सालटी निघाली होती. तो तिला घेऊन तडक जत्रेच्या टोकाला निघाला. तिथे ती म्हातारी पुन्हा येऊन बसली होती. आता हा तिची टोपली उधळणार, म्हणून माणसं मागोमाग धावली.

"ह्योच का तुझा माकडू?" म्हातारीने कौतुकाने विचारलं.

खरं नाव कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "अरं देवा! पण घाबरू नगं, पोरी. हातात गदा देते, वर डोंगर काढते, की झाला मारुती. आण हात."

हौसाने चटकन हात पुढे केला. मारुतीने तो हलकेच मागे सारला आणि त्या जागी आपला दांडगा हात ठेवला.

"तिला आनिक टोचायचं न्हाई. मला काढा. असंच माकड."

"अवं, सुई हाय ती," हौसा त्याच्या कानाशी लागली.

"ठावं हाय." मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मला सुईचं लई भ्या वाटतं. आमच्या घरातनं वरडतो तो मीच, ही न्हाई. आन् हिनं माझ्या नावापायी येवढं सोसलं. तिच्या हातावर माकड, तर माझ्याबी हातावर माकड. आता हसा काय हसायचं ते."

पहिलीच सुई टोचली आणि मारुती असा ओरडला, की देवळावरची पाखरं उडाली. लोक पुन्हा हसले. हौसा मात्र गडबडली नाही. तिने त्याच्या खांद्यावरचं उपरणं घेतलं, त्याचा बोळा केला आणि भर जत्रेत त्याच्या तोंडात दिला. मारुतीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण हात जागचा हलला नाही. शेपटीपर्यंत काम आलं तेव्हा हसणारे गप्प झाले होते. ज्याने पहिला टोमणा मारला होता, तोच पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता.

त्या दिवसापासून गाव मारुतीला लाडाने 'माकडू' म्हणू लागलं. आणि माकडू हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. त्यामुळे ते घ्यायला रीतीची आडकाठी नव्हती. संध्याकाळी भाकरी तव्यावर पडली, की हौसा दारात उभी राहायची आणि बाजारापर्यंत ऐकू जाईल अशी खणखणीत हाक घालायची, "माकडू! जेवाया या!" गावातल्या बाकीच्या बाया 'अवं' आणि 'इकडं बघा' करत राहिल्या. नवऱ्याला नाव घेऊन हाक मारणारी हौसा तेवढी एकटीच.

तात्पर्य: आपल्या माणसाचं चारचौघांत हसं झालं, तर नुसती त्याची समजूत घालू नये, त्याच्या शेजारी उभं राहून त्या हशाचा अर्धा वाटा आपण उचलावा.