राखेची पोती

शके तेराशे नऊ, माघ महिना, थंडी सरत आलेली. समुद्रकाठच्या एका राज्याला शत्रूने वेढा घातला. तिथले लोक मासे धरत, मीठ पिकवत. नांगर त्यांनी कधी हातात घेतला नव्हता. धान्य संपत आलं, तेव्हा राजाने डोंगरातल्या मित्रराज्याकडे मदत मागितली.

चोरवाटेने बैल आले. पाठीवर नाचणीची पोती.

राजाचं धान्य सांभाळणाऱ्या कोठीवाल्याने पोती सोडून पाहिली. निम्म्यांत स्वच्छ दाणा होता, निम्म्यांत राखेत घोळलेला. त्याला वाटलं, पोती भरायला राख घातली.

“डोंगरवाल्यांनी चूलही झाडून पाठवली वाटतं,” तो म्हणाला. सगळे हसले.

स्वच्छ नाचणी लोकांनी पुरवून पुरवून खाल्ली. राखेची पोती त्याने तटावर रचायला लावली, बाण अडवायला.

चैत्रात वेढा उठला. राजाने कोठीवाल्याला आभार मानायला डोंगरात धाडलं. आभार मानून झाले की राखेचं विचारायचंच, असं त्याने मनाशी धरलं होतं.

वैशाख संपत आलेला. शेतं नांगरून पडली होती, पण बांधावर माणूस नव्हता. गावोगाव लोक कंद उकडून खात होते. तिथली म्हातारी राणीही तेच खात होती.

“पेरणी कधी, आईसाहेब?” त्याने विचारलं.

“पेरायला काय आहे? बियाणं तुम्हाला दिलं.”

“बियाणं?”

“राखेतलं. राख लावली नाही तर कीड लागते. खायचं होतं ते आधी पोत्यांत भरलं, पण तेवढ्यावर तुमची पोरं जगली नसती.”

कोठीवाल्याच्या डोळ्यांपुढे तट उभा राहिला. तो तसाच माघारी धावला.

ऐकताच राजा स्वतः तटाकडे निघाला. सगळं राज्य तटावर चढलं. सांडलेले दाणे लोकांनी दगडांच्या फटींतून वेचून काढले. कोठीवाला पोत्यांतले बाण काढू लागला, तेव्हा राजाने त्याचा हात धरला.

“राहू दे. लपवायचं नाही.”

मृग लागण्याआधी पोती डोंगरात पोचली. खाल्लेल्या नाचणीच्या बदल्यात मीठ आणि सुकी मासळी सोबत होती. राणीने रुतलेले बाण पाहिले, मग कोठीवाल्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. तिने एकेक बाण उपटला आणि बियाणं शेतावर धाडलं.

बोध एवढाच: मदतीला नावं ठेवण्याआधी, देणाऱ्याच्या घरात काय उरलं ते पाहावं.