पडद्याआड बसलेले गुरुजी

एकदा एक गृहस्थ एका वृद्ध गवयाकडे गाणं शिकत होता. वयानं माझ्याएवढा, म्हणजे गुडघे कुरकुरायला लागलेला, तरी घाई मात्र विशीतली. गुरुपौर्णिमेला तो पहिल्यांदाच लोकांसमोर गाणार होता, आणि तेही विलंबित ख्याल, ज्यात सगळी कसोटी सावकाश राहण्याची. लय पळवलीस तर पुढचं वर्षभर सतरंजीवर बसून इतरांचं ऐकायचं, असं गुरुजींनी बजावलं होतं.

एका रविवारी तो पडलेल्या चेहऱ्यानं शिकवणीला आला.

"चलन आलं, गुरुजी. हायवेवर कॅमेऱ्यानं वेग पकडला. दोन हजार दंड."

"भर की मग."

"भरला हो. पण गाडी सासूबाईंच्या नावावर. मेसेज त्यांना गेला. त्यांनी तो फोटोसकट घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'जावईबापू, एवढ्या घाईनं आमच्याकडे कधी आला नाहीत.' समजूत काढायला पैठणी घ्यावी लागली. सरकार त्या मानानं स्वस्तात सोडतं."

"मग आता हळू चालवतोस?"

"म्हणजे काय. कॅमेरा कुठे आहे ते पाठ झालंय. अलीकडे ब्रेक मारतो. पुढे गेलं की रस्ता आपलाच."

गुरुजी हसले. "बरं, गा."

शिष्य गाऊ लागला. गुरुजी गॅसवरचं दूध बघायला आत गेले, तशी लय सरसर वाढली. आतून खोकला ऐकू आला, तशी ती शहाण्या मुलीसारखी खाली उतरली. गुरुजी बाहेर येऊन बसले.

गुरुपौर्णिमेला मात्र त्यांनी भलताच हट्ट धरला. समोरची मानाची खुर्ची सोडून ते शिष्याच्या पाठीमागे, पडद्याआड जाऊन बसले. "मागे वळायचं नाही," एवढंच म्हणाले.

शिष्याला घाम फुटला. गुरुजींची भुवई वर गेली की मान डोलली, काही कळायला मार्ग नाही. बिचारा एकेक मात्रा चाचपत गायला. मग केव्हातरी भीतीलाच कंटाळा आला असावा. दोन मात्रांच्या मधे केवढी जागा असते, ते त्याला पहिल्यांदाच कळलं, आणि तिथं तो मांडी घालून बसला.

गाणं संपताच त्यानं पडदा सारला. मागची जागा रिकामी. गुरुजी बाहेर कर्ण्याखाली उभं राहून चहा पीत होते.

"तुम्ही उठून आलात?"

"पहिल्याच आवर्तनाला. इथं छान ऐकू येतं." गुरुजींनी कप ठेवला. "अरे, तू माझ्यासाठी सावकाश गातोस आणि कॅमेऱ्यासाठी सावकाश चालवतोस. धाकानं धरलेली लय धाकाबरोबर निघून जाते. दंडाची पावती मिळते रे, पण रस्त्यात कोणी आडवं आलं, तर त्याची भरपाई कुठली पैठणी करणार? आधी तू मी मागे आहे म्हणून चाचपत होतास, मग तेही विसरलास. आज माझा धाक इथं चहा पीत होता, आणि आत तू सावकाशच होतास. पुढच्या वर्षीही तूच गायचंस."

परतताना शिष्य गुरुजींना घरी सोडायला निघाला. रस्ता मोकळा होता, कॅमेरा कुठेच नव्हता. काटा साठाच्या पुढे गेला नाही. जरा वेळानं गुरुजींचं बोलणं थांबलं, मान खिडकीला टेकली, तोंड किंचित उघडं राहिलं. वळण आलं तेव्हा शिष्यानं गाडी आणखी हळू घेतली. त्यांची झोप मोडू नये, एवढ्याचसाठी.